मरिया उभी होती की कोसळली?

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) १९ व्या अध्यायात एक साधं वाक्य आहे: येशूच्या क्रुसाजवळ त्याची आई (मरिया) उभी होती. बस, एवढंच. ती रडली असं तिथं लिहिलेलं नाही, तिला भोवळ आली असंही नाही. मुलाचं प्रेत तिनं मांडीवर घेतल्याचा उल्लेख तर चारही शुभवर्तमानांत कुठंच सापडत नाही. प्रेत मागून घेणारा अरिमथाईकर योसेफ, सुगंधी द्रव्यं घेऊन आलेला निकदेम, तागाचं कापड आणि खडकात खोदलेली कबर, एवढ्यावर ती हकिगत आटोपते. रडण्याचे उल्लेख आहेत ते इतरांचे. कोंबडा आरवल्यावर शिष्य पेत्र रडतो, रिकाम्या कबरीपाशी शिष्या मग्दालिया मरिया रडते, मित्र लाजरच्या मृत्यूनंतर खुद्द येशू रडतो. आईच्या अश्रूंबद्दल मात्र एक अक्षर नाही.

आता युरोपातल्या एखाद्या मोठ्या संग्रहालयात जा, किंवा घरबसल्या त्यांच्या संकेतस्थळांवर चित्रं चाळा. मरिया कोसळलेली दिसेल, शुद्ध हरपलेली दिसेल, मुलाच्या गालाला गाल लावून बसलेली दिसेल, रडून रडून डोळे लाल झालेली दिसेल. पवित्र ग्रंथात नसलेलं हे दुःख चित्रांत आलं कुठून? ख्रिस्ती चित्रकलेत शोक कसा रंगवला गेला हे समजून घ्यायला मला याच प्रश्नाचं बोट धरावंसं वाटतं. ती उभी होती की कोसळली, यावर चित्रकार आणि धर्मपंडित यांच्यात खरोखरच वाद झालेला आहे.

सुरुवातीला तर दुःखच नव्हतं. रोममधल्या भुयारी दफनभूमीत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी भिंतींवर चित्रं काढली. त्यांत खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ आहे, माशाच्या पोटातून सुटलेला योना आहे, पण क्रुसावरचा येशू नाही. क्रुसावर चढवणं ही रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती. तिचं चित्र पूजेच्या जागी लावणं म्हणजे फासाचा दोर देव्हाऱ्यात ठेवण्यासारखं झालं असतं. पुढे रोममधल्याच सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर, इ.स. ४३० च्या सुमारास, तो प्रसंग कोरला गेला. त्यातल्या येशूचे हात पसरलेले आणि डोळे उघडे आहेत. तो टांगलेला वाटतच नाही. ही रीत कित्येक शतकं टिकली. इटलीतल्या सार्झानाच्या कॅथेड्रलमध्ये गुलिएल्मो नावाच्या चित्रकारानं ११३८ मध्ये रंगवलेला क्रूस आहे, त्यावरही येशू ताठ उभा राहून सरळ आपल्याकडे पाहतो. मृत्यूला जिंकलेला राजा दाखवायचा होता, मग वेदना कशाला दाखवायची?

यामागे आणखी एक विचार होता. तिसऱ्या दिवशी येशू पुन्हा उठला यावर ज्याची श्रद्धा आहे, त्यानं हंबरडा का फोडावा? चौथ्या शतकातले धर्मगुरू योहान क्रिसोस्तोम यांनी प्रेतयात्रेत केस उपटणाऱ्या, ऊर बडवून घेणाऱ्या लोकांना प्रवचनांतून कडक शब्दांत सुनावलं होतं. तेराव्या शतकात ओर्व्हिएतोसारख्या इटालियन शहरांनी तर मोठ्यानं आक्रोश करण्यावर कायद्यानं बंदी घातली, दंड ठेवले. एकीकडे लोक मोकळेपणी रडत होते आणि दुसरीकडे धर्म आणि शहर दोघंही त्यांना आवरत होते. या ओढाताणीतून पुढची चित्रं जन्माला आली.

बदलाची पहिली खूण पूर्वेकडे दिसते. आजच्या उत्तर मॅसिडोनियात, स्कोप्येजवळच्या नेरेझी गावी संत पँतेलेइमोन यांचं छोटं चर्च आहे. ११६४ मध्ये रंगवलेल्या त्याच्या भिंतीवर मरिया जमिनीवर बसली आहे, मुलाचं प्रेत तिनं दोन्ही पायांमध्ये ओढून घेतलंय आणि तिचा गाल त्याच्या गालाला टेकलाय. बाळाला कुशीत घेतलेल्या मरियेची जी चित्रं पूर्वेकडे रूढ होती, त्यांतही गालाला गाल असतो. चित्रकारानं तीच मिठी उचलली आणि तीत बाळाच्या जागी तेहतीस वर्षांच्या मुलाचं प्रेत ठेवलं. तिच्या भुवया मध्यभागी वर खेचल्या आहेत, कपाळावर आठ्या आहेत. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या त्या आठ्या मला अजूनही चटका लावतात.

पश्चिमेत हा बदल तेराव्या शतकात झाला आणि त्याला मोठा हातभार लावला तो असिसीच्या फ्रान्सिसनं. १२२६ मध्ये वारलेल्या या फकिराला देवाचं ऐश्वर्य फारसं खुणावत नव्हतं, गोठ्यात जन्मलेला आणि क्रुसावर तहानेनं व्याकुळ झालेला देव त्याला जवळचा वाटत होता. त्याच्या अनुयायांनी लोकांना एक वेगळाच अभ्यास शिकवला: डोळे मिटा, त्या टेकडीवर जा, त्या आईशेजारी उभे राहा, तिच्याबरोबर रडा. याला लॅटिनमध्ये ‘कॉम्पासिओ’ म्हणत, म्हणजे दुसऱ्याबरोबर सोसणं. मराठीत त्याला ‘कळवळा’ म्हणता येईल. दया वरून खाली येते, कळवळा शेजारी येऊन बसतो. त्याच शतकातलं ‘स्ताबात माटेर’ हे लॅटिन स्तोत्र मरियेकडे नेमकं हेच मागतं, की तुझ्याबरोबर मलाही रडू दे. त्या स्तोत्राच्या पहिल्या दोन शब्दांचा अर्थ मात्र ‘आई उभी होती’ असाच आहे.

या सुमारास क्रुसावरच्या येशूचे डोळे मिटले. बोलोन्यातल्या सान डोमेनिको चर्चमध्ये जुंता पिसानोनं १२५० च्या आसपास रंगवलेल्या क्रुसावर शरीर एका बाजूला झुकलंय, मान गळून पडलीय. क्रुसाच्या आडव्या दांड्याच्या दोन टोकांना मरिया आणि येशूचा शिष्य योहान आहेत, गालाला हात लावून. ही गालावरच्या हाताची खूण ग्रीक आणि रोमन काळापासून शोकाची समजली जात होती. चित्रात आवाज नसतो, हुंदका ऐकू येत नाही. म्हणून चित्रकारांनी अशा खुणांची एक मूक भाषाच तयार केली होती.

ती भाषा जिवंत केली जोत्तो या इटालियन चित्रकारानं. इटलीतल्या पादुआमध्ये एन्रिको स्क्रोवेन्यी नावाच्या धनाढ्य माणसानं एक प्रार्थनामंदिर बांधलं, १३०५ मध्ये त्याचं अर्पण झालं. एन्रिकोचा बाप सावकार होता, इतका बदनाम की कवी दांतेनं त्याला आपल्या काव्यात नरकात बसवलंय. या मंदिराच्या भिंतींवर जोत्तोनं ओल्या गिलाव्यावर जी चित्रं रंगवली, त्यात क्रुसावरून उतरवलेल्या येशूभोवतीच्या शोकाचं एक चित्र आहे. ते जरा सावकाश पाहायला हवं.

मरिया जमिनीवर बसून मुलाचं डोकं कवेत घेऊन त्याच्या मिटलेल्या डोळ्यांत पाहतेय. मग्दालिया पायांशी आहे. योहान कमरेत वाकून दोन्ही हात मागे फेकतोय, एकदम श्वास अडकल्यावर माणूस फेकतो तसे. मागे खडकाची एक उतरती धार आहे. तिच्या वरच्या टोकाला एक निष्पर्ण झाड आहे आणि खालचं टोक थेट आईमुलाच्या चेहऱ्यांपाशी येऊन थांबतं. आपली नजर त्या धारेवरून आपोआप घसरत खाली येते. वर आकाशात दहा देवदूत आहेत. त्यांच्याइतका बेभान शोक त्या चित्रात दुसरं कुणी करत नाही. एक गाल दाबून धरतोय, एक हात फाकवून किंचाळतोय, एकाला कुठं जावं ते सुचत नाहीये. जमिनीवरच्या माणसांना जो आक्रोश मना होता, तो जोत्तोनं आकाशातल्यांना देऊन टाकला, असं मला हे चित्र पाहताना नेहमी वाटतं.

पण या चित्रातली सगळ्यात धाडसी गोष्ट पुढेच बसली आहे. दोन बायका, आपल्याकडे पाठ करून. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, दिसतात फक्त जड झग्यांचे दोन ढीग आणि खांद्यांचा बाक. देवळाच्या भिंतीवर पवित्र माणसांची पाठ रंगवणं तेव्हा रूढ नव्हतं. त्या दोघींमुळे काय होतं ते पाहा. मयताच्या घरी गेल्यावर आपण मागे कुठंतरी बसतो आणि पुढच्या बायकांच्या पाठी आपल्याला दिसतात, तसे आपण या चित्रात त्या दोघींच्या मागे जाऊन बसतो. त्या घोळक्यात आपलीही जागा झालेली असते.

मरियेला पूर्ण कोसळलेली पाहायची असेल तर मात्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात जावं लागेल. रोहिर वान देर वेयडेन हा फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा चित्रकार. त्यानं १४३५ च्या सुमारास लूव्हेन शहरातल्या धनुर्धारींच्या संघासाठी येशूला क्रुसावरून उतरवतानाचं चित्र केलं. रुंदी अडीच मीटरांहून जास्त, माणसं जवळजवळ खऱ्या मापाची. चित्राच्या वरच्या कोपऱ्यांत नक्षीला टांगलेली इवलीशी धनुष्यं आहेत, ती त्या संघाची खूण. टेकडी नाही, आकाश नाही, शहर नाही. सोनेरी रंगाची एक उथळ पेटी आणि तिच्यात दाटीवाटीनं कोंबलेली दहा माणसं. दुःखाच्या वेळी जग जसं आकसतं, तशी ही जागा आकसलेली आहे.

मधोमध येशूचं शरीर उतरवलं जातंय, आणि त्याच क्षणी त्याच्या डाव्या-उजव्यांचा तोल जातोय. निळ्या झग्यातली मरिया शुद्ध हरपून खाली येतेय. आता दोघांची शरीरं एकत्र पाहा. मुलाच्या देहाला जो बाक आहे तोच आईच्या देहाला आहे. त्याचा हात जसा लोंबतोय तसाच तिचा लोंबतोय. तिचा चेहरा त्याच्याइतकाच पांढरा पडलाय. कॉम्पासिओ, बरोबर सोसणं, हा धर्मशास्त्रातला अवघड शब्द रोहिरनं दोन देहांच्या एका वळणात सांगून टाकला. वाचता न येणाऱ्या माणसालाही तो कळला असेल.

तिच्या भोवती जे रडताहेत त्यातलं एकही रडणं दुसऱ्यासारखं नाही. आपल्या भाषेत रडण्याला किती शब्द आहेत: मुसमुसणं, स्फुंदणं, हमसून रडणं, टाहो फोडणं, डोळे भरून येणं, नुसतंच आवंढा गिळणं. हे चित्र म्हणजे त्या शब्दांची जणू तालीम आहे. डाव्या टोकाची बाई रुमालात तोंड लपवून हमसतेय. उजव्या टोकाला मग्दालिया अशी पिळवटली आहे की तिची कोपरं आणि गुडघे कुठल्या कुठं वळलेत. लाल झग्यातला योहान रडत असतानाही मरियेला सावरायला वाकलाय, कारण घरात कुणीतरी एक सावरणारा लागतोच. आणि येशूचे पाय धरून असलेला, भरजरी झग्यातला म्हातारा तोंड न उघडता डोळ्यांतून वाहतोय.

हे अश्रू इतके खरे दिसतात त्याला रंगांचं कारण आहे. तोवर लाकडी फळ्यांवर बहुतेक चित्रं अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी होत. तो रंग लगेच सुकतो, बारीक रेघा मारमारूनच छटा आणावी लागते. फ्लेमिश चित्रकारांनी जवसाच्या तेलात रंग कालवण्याचं तंत्र विलक्षण वाढवलं. तेल सावकाश सुकतं आणि पातळ केलं तर पारदर्शक राहतं, त्यामुळे काचेसारखे थर एकावर एक चढवता येतात. अश्रूला स्वतःचा रंग नसतो. खाली गालाचाच रंग, उजेडाकडच्या बाजूला एक पांढरा ठिपका, थेंबातून पार गेलेल्या उजेडानं पलीकडची कड किंचित उजळ, आणि खाली केसाएवढी सावली. एवढं केलं की थेंब गालावरून घरंगळायला लागतो. हे बलकाच्या रंगात जवळपास अशक्य होतं.

हे चित्र लोकांना किती भिडलं असेल? नेदरलँड्सची कारभारीण हंगेरीची मेरी हिनं ते लूव्हेनकडून मिळवलं. मोबदल्यात चर्चला चित्राची एक नक्कल आणि एक ऑर्गन मिळाला. पुढे ते तिचा भाचा, स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याकडे गेलं आणि तिथून अखेर प्रादोत आलं.

पण कोसळलेली मरिया सगळ्यांना मान्य नव्हती. मरियेच्या मूर्च्छेचा एक सण पाळावा अशी मागणी पुढे आली, तेव्हा १५०६ मध्ये पोपच्या दरबारातून विद्वान धर्मपंडित काजेतान यांचं मत घेतलं गेलं. त्यांनी मागणी फेटाळली. त्यांचं म्हणणं होतं, योहान स्पष्ट सांगतो की ती उभी होती. शिवाय शुद्ध हरपली की माणसाचं दुःखही थांबतं. शुद्धीवर राहून, पूर्ण समजून उमजून सोसलं, तेच मोठं. १५६३ मध्ये त्रेंतच्या धर्मसभेनं चित्रांविषयी शिस्तीचा ठराव केला आणि त्यानंतरच्या पंडितांनी मूर्च्छेच्या चित्रांवर आणखी नाराजी दाखवली. काजेतान यांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. डोळ्यांत पाणी न आणता पाहुण्यांना चहा विचारणारी बाई किती सोसत असते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण रोहिरची मरियाही खोटी नाही. दोघांनीही आईच्या दुःखाचं मोजमाप करायचा प्रयत्न केला, फक्त मापं निराळी होती.

याच काळातलं एक चित्र आजाऱ्यांसाठी काढलेलं आहे. फ्रान्समधल्या आल्सास प्रांतात, कोलमारजवळच्या इझेनहाइम गावात संत अँथनीच्या पंथाचा मठ होता. तिथं ‘संत अँथनीची आग’ नावाच्या रोगाचे लोक येत. राय धान्याच्या कणसांवर धरणाऱ्या बुरशीचं विष पोटात जाऊन हा रोग होई. हातापायांत आग पेटल्यासारख्या वेदना होत, बोटं काळी पडत, कुजत, शेवटी कापावी लागत. या मठासाठी ग्र्युनेवाल्ड नावाच्या जर्मन चित्रकारानं १५१२ ते १५१६ या काळात झडपांचं एक भलंमोठं वेदीचित्र केलं. आज ते कोलमारच्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहे.

झडपा बंद असताना समोर क्रूस दिसतो. येशूचं अंग हिरवट पडलंय, सर्वांगात काटे रुतलेत, जखमा चिघळल्यात, हातांची बोटं वेदनेनं ताठ वाकडी झालीत. डावीकडे पांढऱ्या वस्त्रातली मरिया मागे कलंडली आहे, डोळे मिटलेत, योहाननं तिला धरलंय, तरी तिचे हात अजून एकमेकांत गुंफलेले आहेत. इथं ती एकाच वेळी कोसळलेलीही आहे आणि प्रार्थनेत उभीही. नुसतं चित्र पाहिलं तर हे भयंकर वाटेल. पण ते पाहणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्या स्वतःच्या पायाची बोटं गळून पडताहेत, घरच्यांनी त्याला इथं आणून सोडलंय, आणि समोर देवाच्या अंगावर त्याच्यासारखीच कातडी आहे. सणाला त्या झडपा उघडत आणि आत येशू कबरीतून उठलेला दिसे, नितळ, उजळ कातडीचा. रोग्याला दुःखही दाखवायचं आणि त्याच्या पलीकडचंही, असं ते सगळं आखलेलं होतं.

सगळीच चित्रं एवढी मोठी नव्हती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात डीरिक बाउट्स या चित्रकाराच्या कारखान्यातून मरियेची हातात धरता येतील एवढी चित्रं निघत, शेजारी काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूची जोडी. नुसता चेहरा, जोडलेले हात, सुजलेल्या लाल पापण्या. ही घरात ठेवायची चित्रं होती. एका माणसानं एकट्यानं, रात्री दिव्याजवळ पाहायची.

आपल्याकडेही ही कथा आली ती डोळ्यांनी पाहायची म्हणून आणि कानांनी ऐकायची म्हणूनही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. गोव्यातल्या कितीतरी चर्चमध्ये आजही गुड फ्रायडेला हात हलवता येणारी येशूची मूर्ती क्रुसावरून खरोखर खाली उतरवतात, आणि काळ्या-जांभळ्या वस्त्रातली दुःखी मातेची मूर्ती मिरवणुकीत त्याच्याबरोबर चालते. रोहिरनं रंगवलेला तोच क्षण. फरक एवढाच की इथं आई उभी असते.

आणखी एक चित्र सांगायचंय. रोममधल्या त्रास्तेव्हेरे भागातल्या सांता मारिया देल्ला स्काला या चर्चसाठी काराव्हाज्योनं मरियेच्या मृत्यूचं चित्र केलं, १६०६ पर्यंत ते पुरं झालं. देवदूत नाहीत, स्वर्गाचं दार नाही. एका गरिबाघरच्या खोलीत लाल कपड्यातलं प्रेत ठेवलंय, पोट फुगलेलं, पाय उघडे आणि ताठरलेले. चर्चच्या साधूंनी ते नाकारलं. रुबेन्स या चित्रकाराच्या सल्ल्यावरून मांटुआच्या ड्यूकनं १६०७ मध्ये ते विकत घेतलं. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

इतकी शतकं जिच्या रडण्यावर वाद चालला, ती इथं स्वतःच गेलेली आहे. भोवतीचे प्रेषित, म्हणजे येशूचे प्रमुख शिष्य, बहुतेक म्हातारे, तिच्याकडे पाहताहेत, कुणी डोळ्यांवर हात दाबलेत. पुढे एका बुटक्या खुर्चीवर मग्दालिया बसली आहे. प्राचीन ग्रीक चित्रकार तिमांथेस याची एक गोष्ट युरोपातल्या चित्रकारांना ठाऊक होती: मुलीचा बळी दिला जात असताना बापाचं दुःख कसं दाखवावं ते सुचेना, तेव्हा त्यानं बापाचा चेहरा वस्त्रानं झाकून टाकला. काराव्हाज्योनं मग्दालियेचा चेहरा झाकायला कापड फारसं वापरलेलंच नाही. तिनं कमरेतून वाकून तो हातात लपवलाय. उजेड तिच्या मानेवर पडतो, विंचरलेल्या केसांवर, वेणीवर. पायाशी एक तांब्याचं घमेलं आहे, प्रेताला अंघोळ घालायचं. ते काम अजून व्हायचंय, आणि ती उठू शकत नाहीये.